मागचा डावा पाय

ता. ९ फेब्रुवारी

प्रिय खारूताई,

अनेक आशीर्वाद. तू सुखरूप पोचलीस हे तुझ्या आईला फोनवर कळलं आणि तिच्याकडून मला. आपल्या घरची फोनची रीत तुला माहीतच आहे. ती बोलते, मी शेजारी उभा राहून ‘हं’ म्हणतो, आणि माझी पाळी येईपर्यंत तुम्हा दोघींचं सगळं बोलून झालेलं असतं. म्हणून पत्र. तुला हसू येईल, पण वसतिगृहात असताना तू माझ्या पत्रांची वाट बघायचीस, ते मी विसरलेलो नाही.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा कधी तिचं ऐकतो, कधी नाही. माझी तब्येत उत्तम. तू नेलेला माझा जुना स्वेटर परत पाठवायच्या भानगडीत पडू नकोस. तुला थंडी वाजते, आणि माझ्या पोटावर तो आता येत नाही. स्वयंपाकघरातला नळ मी दुरुस्त केला. आता तो गळत नाही, पण उघडतही नाही. आई म्हणते, कागद मिलचा मुख्य फिटर घरात असल्याचा हाच काय तो फायदा.

मिलमध्ये तुझा विषय अजून निघतो. मॅनेजरसाहेब मला जिन्यात थांबवून म्हणाले, मिस्त्री, पोरगी तयार आहे. पॅनलवर बसणारा आपला टोपी, बॉयलरच्या धगीतही जो लोकरीची टोपी काढत नाही तो, सगळ्यांना तुझ्या लेझर यंत्राची नक्कल करून दाखवतो. एक मूठ मोटरच्या शाफ्टवर, दुसरी पंख्याच्या शाफ्टवर, आणि मध्ये तोंडाने कसलासा आवाज. लाल उजेड सोडला की दोन्ही शाफ्ट आपोआप एका रेषेत येतात, अशी त्याची समजूत आहे. मी ती मोडायला गेलो नाही. तू लहानपणी स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवून मूठ कानाला लावायचीस आणि डोळे मिटून ऐकायचीस, ती आठवणही त्यानेच काढली.

परवा आईने विचारलं, पोरीने येऊन नक्की केलं काय? मी सांगितलं, बॉयलरच्या मोठ्या पंख्याची मोटर चार पायांवर उभी असते. तुझ्या लेकीच्या मते त्यातला एक पाय नीट टेकत नव्हता. तिने त्याच्याखाली कागदाएवढ्या पातळ पत्र्या घातल्या आणि मग मोटर आणि पंखा एका रेषेत आणले. आई म्हणाली, एवढंच? मी म्हटलं, एवढंच.

सगळ्यांसमोर तू बोललीस तेही चांगलंच बोललीस. एखादं वाक्य जरा वेगळं बोलता आलं असतं. पण तुझं वय आहे, आणि कामाच्या भरात माणूस बोलून जातो. ते असो.

पंख्याची खबर अशी की तो झकास चालतोय. तू गेल्यानंतरच्या रविवारी बॉयलर सफाईसाठी बंद होता, तेव्हा मी सहज सगळ्यावरून एकदा हात फिरवला, बोल्ट आवळून घेतले. तुमची नवी यंत्रं चांगली आहेत, त्याबद्दल माझा वाद नाही. पण कधीकधी वाटतं, मोटरचंही माणसासारखंच असतं. फार डॉक्टर भेटले की तिला आपण आजारी आहोत असं वाटायला लागतं. हा आपला म्हातारपणचा विनोद. मनावर घेऊ नकोस.

वेळेवर जेवत जा. चढून काम करताना पट्टा बांधत जा. आई म्हणते, केस कापू नकोस. मी म्हणतो, काप. आमचं यावर अजून चालू आहे.

तुझे
बाबा

•

ता. २७ फेब्रुवारी

प्रिय खारूताई,

आशीर्वाद. पत्र लिहायला उशीर झाला. मिलमध्ये धावपळ होती, आणि का होती ते तुझ्या ऑफिसातून तुला कळलंच असेल.

तरी माझ्याकडून ऐक. सकाळच्या पाळीत मोटर आणि पंखा जोडणारं कपलिंग तुटलं. मोटरचं पुढचं बेअरिंगही गेलं. कपलिंगवरची संरक्षक जाळी उखडून बाजूला फेकली गेली, आणि नेमका टोपी तिथून चालला होता. त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलंय. डोक्याला लागलं नाही, हे नशीब. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल. तू त्याची काळजी करू नकोस, त्याच्याकडे आम्ही सगळे बघतोय.

मिलने तुमच्या कंपनीला पत्र पाठवलं, हे मला नंतर कळलं. माझ्या हातात असतं तर मी जाऊ दिलं नसतं. मॅनेजरसाहेबांनी मला विचारलं तेव्हा मी तुझ्यासाठी शब्द टाकला. म्हटलं, नवीन आहे, सांभाळून घ्या. त्यांनी ऐकून घेतलं. पण वर मालकांना काहीतरी उत्तर द्यावं लागतं, त्यांचाही नाइलाज असतो.

आता तू हे जिवाला लावून घेऊ नकोस. चुका कोणाच्या होत नाहीत? यंत्रसुद्धा कधी चुकीचा आकडा दाखवतं. तुझं यंत्र प्रवासात आपटलं असेल, त्याची तपासणी करायची राहिली असेल. दोन-चार महिने तुला साइटवर पाठवणार नाहीत म्हणे. बरंच आहे की. जरा विश्रांती मिळेल. ऑफिसात बसून काम करणारी माणसं काय कमी दर्जाची असतात?

तू इकडे येऊन मोटर बघते म्हणालीस, असं आई सांगत होती. नको येऊस. इथली माणसं वाईट नाहीत, पण तोंडं कोणाची धरणार? तू समोर आलीस की उगीच चर्चा वाढेल. मागच्या डाव्या पायाखालच्या पत्र्या जागेवर होत्या का, असंही तू विचारलंस म्हणे. अगं, तो सगळा पसारा उचलून भंगारात गेला. त्यात आता काय सापडणार? झालं ते झालं. त्याच्या मागे लागू नकोस.

घरी ठीक. आई म्हणते, मी जेवताना मान वर करत नाही. तिला दात दुखतोय म्हणून सांगितलंय. तू वेगळं काही सांगू नकोस.

बाकी काय लिहू. नळ आता उघडतो.

तुझे
बाबा

•

ता. २० मार्च

चि. मुलीस,

वर तुझं नेहमीचं नाव लिहायला घेतलं आणि हात अडला. ते नाव तुला मी ठेवलं होतं, सारखी कशावर ना कशावर चढून बसायचीस म्हणून. आत्ता ते वापरणं म्हणजे आधी लाडीगोडी लावून मग मुद्द्यावर येण्यासारखं झालं असतं.

हे पत्र पोचेपर्यंत तुझ्या साहेबांनी तुला सांगितलेलं असेल. तरीही ते तू माझ्या अक्षरात वाचायला हवंस. चूक तुझी नव्हती. मागच्या डाव्या पायाखाली तू घातलेल्या पत्र्या मी काढल्या. माझ्या हाताने, जाणूनबुजून.

आता पहिल्यापासून सांगतो.

तू आलीस त्या दिवशी सकाळी मी घरून निघताना दाढी दोनदा केली. आई हसली. तुला मिलच्या फाटकातून हेल्मेट घालून येताना बघितलं आणि मला वाटलं, आता इथल्या प्रत्येकाने हिच्याकडे बघावं. सगळे जमलेच होते. तू आधी मोटरच्या पायांवरचा गंज आणि रंग खरवडून काढायला लावलास. मग प्रत्येक पायाजवळ डायल लावून एकेक बोल्ट सैल केलास. तीन पायांना काटा जागचा हलला नाही. चौथ्याचा बोल्ट सैल केलास आणि काटा फिरला. पाय वर उचलला गेला होता. तू मला हाक मारलीस, बाबा, हे बघा. मी वाकून बघितलं.

मग तू सगळ्यांना समजावून सांगितलंस. हा पाय टेकलेला नाही, नुसता बोल्टने खाली ओढून धरलाय. ओढला की मोटरचं सगळं अंग पिळवटतं, शाफ्ट जागचा हलतो, आणि मग वरून कितीही वेळा रेषा जुळवा, ती टिकत नाही. तुमची बेअरिंगं सारखी का जातात, ते हे. मॅनेजरसाहेब म्हणाले, म्हणजे मोटरमध्ये दोष आहे? तू म्हणालीस, “मोटर चांगली आहे. हा पाया ज्याने बसवला, त्याने घाई केली.”

वेल्डर जमिनीकडे बघायला लागला. टोपीने उगीच टोपी नीट केली. साहेब खिशात पेन शोधायला लागले. तुला वाटलं असेल, सगळे विचार करतायत. तो पाया मी बसवला होता. मिलमध्ये प्रत्येकाला ते माहीत होतं, फक्त तुला नव्हतं. तुला कोणी सांगितलं नाही. मीही नाही.

आणि तू म्हणालीस ते खरं होतं. घाई केली होती. खालचं सिमेंट पुरतं सुकायच्या आत मोटर वर ठेवली होती. का, ते सांगत नाही. कारणं द्यायला लागलो की मी कसा बिचारा हे सांगण्यातच पत्र संपेल.

त्या संध्याकाळी जेवताना तू किती खुशीत होतीस. आईला पानावरच्या वाट्या इकडेतिकडे सरकवून मोटर आणि पंखा दाखवत होतीस. मी ‘हं, हं’ करत होतो. तेव्हाच म्हणायला हवं होतं, अगं वेडे, तो पाया माझाच. तू जीभ चावली असतीस, आपण हसलो असतो, आणि गोष्ट तिथेच संपली असती. एवढं एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. तू म्हणालीस त्याचा मला राग आला नव्हता, असं मी स्वतःला बजावत होतो. राग आला होता. तुझा नाही म्हणता येणार. तुझाच.

रविवारी सफाईची माणसं बॉयलरमध्ये उतरली होती. पंख्याकडे कोणी नव्हतं. मी जाळी काढली, पायाचा बोल्ट सैल केला, पत्र्या ओढून काढल्या. तू त्यांच्यावर मार्करने जाडी लिहून ठेवली होतीस, छोट्या सुबक आकड्यांत. त्या मी खिशात घातल्या. मग पान्याला पाइप जोडून बोल्ट असा आवळला की माझ्या दंडात कळ आली. म्हटलं, आता टेकला की नाही पाय? आता दाखव काटा.

मला कळत नव्हतं, असं लिहून सुटता आलं असतं. शिकलेली मुलगी, जुन्या वळणाचा बाप, नवीन तंत्र डोक्यात शिरलं नाही. लोक समजून घेतील. पण तू समजावलेला शब्द न् शब्द मला कळला होता. तू सांगायच्या आधीही त्या पायाबद्दल मला शंका होती. मला फक्त तू खोटी ठरायला हवी होतीस. तुझं नुकसान व्हावं, असं मनात नव्हतं. पंखा तुझ्या पत्र्यांशिवाय चालावा आणि ते मला एकट्याला माहीत असावं, एवढंच हवं होतं. आता हे लिहून बघतो तर त्यात ‘एवढंच’ म्हणण्यासारखं काही नाही.

जाळी परत बसवताना तिचे दोन बोल्ट घरंगळत नाल्यात गेले. उरलेल्यांवर काम भागवलं. उद्या लावू म्हटलं. तो उद्या आलाच नाही.

पंखा चालला. पहिले काही दिवस खरंच चालला. ते डॉक्टरांबद्दलचं चावट वाक्य मी तुला त्याच आनंदात लिहिलं. ते पत्र तू ठेवलं असशील तर फाडून टाक.

मग एक दिवस टोपी माझ्याकडे आला. म्हणाला, मिस्त्री, आवाज बदललाय, आणि तिथे उभं राहिलं की तळपायाला मुंग्या येतात. मी म्हटलं, “टोपी काढून ऐक, म्हणजे नीट ऐकू येईल.” वर्कशॉपमध्ये हशा पिकला. तोही हसला आणि गेला. तो गेल्यावर मी पंख्यापाशी जाऊन बेअरिंगवर हात ठेवला. हात ठेववेना, इतकं तापलं होतं. त्या क्षणी पंखा बंद करायला सांगायचा, एवढंच माझं काम होतं. त्यासाठीच मिलने मला ठेवलंय. पण बंद केला असता तर उघडावा लागला असता, आणि उघडला असता तर पायाखाली काही नाही हे दिसलं असतं. मी ग्रीस भरलं आणि चहाला गेलो.

टोपीला लागलं ते यामुळे.

पुढचं सांगायला मला याहून जड जातंय. मोडतोड झाल्यावर साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. मला म्हणाले, मिस्त्री, तुमची मुलगी आहे, तुम्हाला विचारायला नको वाटतं, पण तिच्या कामात कमी राहिली असेल का? मी म्हटलं, “नवीन आहे. मशीनवर हात बसायला वर्षं जातात.” मागच्या पत्रात मी ज्याला शब्द टाकला म्हटलं, तो हा. बाहेर आल्यावर वेल्डरने माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, मिस्त्री, मानलं तुम्हाला, पोटच्या पोरीची बाजू घेतली नाहीत. मी ते ऐकून घेतलं. नुसतं ऐकून घेतलं नाही, मान हलवली.

हॉस्पिटलात टोपीला भेटायला गेलो. तिथे त्याची टोपी काढून ठेवली होती. मी त्याला पहिल्यांदाच तसा बघत होतो, ओळखूच येईना. दुखत असताना तो मला म्हणाला, पोरीला बोलू नका हो, होते चूक माणसाच्या हातून. मी म्हटलं, नाही बोलणार.

यानंतरही मी गप्पच राहिलो असतो. हे तुला माहीत असू दे. माझं मन मला खात होतं आणि एक दिवस उठून मी खरं सांगितलं, असं झालेलं नाही. पत्र्या कपाटात कुलूपबंद होत्या. साइटवरून तुला काढलं, हे माहीत होतं. रोज कामावर जात होतो, जेवत होतो.

मग तुझं पत्र आलं. वर्कशॉपबाहेरच्या बाकावर बसून वाचायला घेतलं. मला वाटलं होतं, तू जाब विचारशील. पत्र्या कुठे गेल्या, पुन्हा विचारशील. त्याची उत्तरं मी तयार करून ठेवली होती. आणि तू लिहिलं होतंस की सगळे आकडे परत परत तपासले, कुठे चुकलं ते सापडत नाही, पण बाबांनी पंख्यावर नजर ठेवली असतानाही मोडला म्हणजे चूक माझीच असणार. ऑफिसातलं काम कायमचं मागून घेतेय. आणि शेवटी, “बाबा, तुम्ही इतकी वर्षं कमावलेलं नाव मी घालवलं. तिथल्या माणसांसमोर माझ्यामुळे तुमची मान खाली गेली. मला माफ करा.”

तू माझी माफी मागितलीस. ते वाक्य मला दुसऱ्यांदा वाचवेना. कोणीतरी चहा आणून ठेवला, तो तसाच राहिला. मी उठलो, कपाट उघडलं, पत्र्या रुमालात घेतल्या आणि साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन त्यांच्या टेबलावर ठेवल्या.

साहेबांनी एकेक पत्री उचलून तुझे आकडे वाचले. त्यांनी एकच विचारलं, का? पाया मी बसवला होता, असं म्हणालो, आणि ते उत्तर नव्हतं हे दोघांनाही कळत होतं. त्यांनी माझ्यासमोर तुझ्या ऑफिसला फोन लावला. फोन ठेवून म्हणाले, हे तुम्ही बाकीच्यांनाही सांगायला हवं. मी हो म्हटलं. वर्कशॉपमध्ये सगळ्यांसमोर उभा राहून सांगितलं. कोणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. सगळे जमिनीकडे बघत होते. वेल्डर तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलतो.

टोपीला घरी आणलंय. त्याच्या घरी जाऊन सांगितलं. त्याची बायको दारात उभी होती, ती आत निघून गेली. तो म्हणाला, “मला वाटलं, माझेच कान गेले.” तो पॅनलवरचं काम सोडायच्या विचारात होता, मुली. आवाज त्याने बरोबर ओळखला होता, आणि माझ्या एका विनोदाने त्याचा स्वतःच्या कानांवरचा विश्वास उडाला. हाड मोडलं त्याबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. मला चहा दिला नाही. बरोबरच केलं.

आईलाही सांगितलं. ती भाजी चिरत होती. चिरून झाली तोपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली, “मला सांगून काय उपयोग? तिला कळवलंत का?” त्यानंतर ती मला वाढते, कपडे काढून ठेवते, बोलत मात्र नाही. तिच्यावर तू रागावू नकोस. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं, दात दुखतोय हे तिने खरं मानलं होतं आणि लवंग आणून दिली होती.

तुझे साहेब स्वतः आले होते, नवी मोटर बसवायला. तिचे पाय सपाट, कोरे. तिला त्याच जागी ठेवून त्यांनी डायल लावली आणि मागचा डावा बोल्ट सैल केला. काटा तू जिथे दाखवला होतास, जवळजवळ तिथेच गेला. ते म्हणाले, मुलीने केलं ते बरोबर होतं, मोटर बदलली तरी पाया तोच आहे. मग आमच्या साहेबांनी तो पाया फोडून नव्याने घालायचं ठरवलं. मी म्हटलं, छिन्नी मला द्या, मी फोडतो. साहेब म्हणाले, तुम्ही लांब राहा, मिस्त्री. रागावून नाही म्हणाले. मी दारापाशी उभा राहून बघितलं. फोडणाऱ्यांना फार कष्ट पडले नाहीत.

मला मुख्य फिटरच्या जागेवरून काढलंय. चौकशी चालू आहे, तोवर स्टोअरमध्ये बसवलंय. हातमोजे, नट, पुसायच्या चिंध्या मोजून देतो. जुनी सवय म्हणून माणसं अजून मिस्त्रीच म्हणतात. पुढे घरी पाठवतील किंवा नाही. माझी तक्रार नाही, आणि तू माझ्यासाठी कोणाकडे शब्द टाकू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून बजावून सांगतोय.

खरं सांगितल्यावर हलकं वाटतं म्हणतात. मला वाटलं नाही. टोपी अजून हात वर उचलू शकत नाही. तू ते सगळे दिवस स्वतःच्या कामात चूक शोधत बसलीस, ते दिवस तुला परत देता येणार नाहीत. वाईट हे आहे की तू चूक शोधत होतीस तेव्हा तुला बापाचा संशय एकदाही आला नाही.

एकच मागतो, आणि ते मागायचा हक्क मला उरलेला नाही, हे समजून मागतो. ऑफिसातलं काम सोडून दे. साइटवर जा. पुन्हा कुठे पाय उचललेला दिसला तर तसाच सगळ्यांसमोर सांग, पाया कोणी का बसवलेला असेना. कोणाचा चेहरा पडेल म्हणून आवाज खाली घेऊ नकोस. माझासुद्धा.

तू घरी काही लिहिलंस तर आई ते माझ्या हातात देणार नाही, इतकी ती चिडली आहे. म्हणून मिलच्या पत्त्यावर लिही. ‘तुझ्या उत्तराची वाट बघत नाही’ असं इथे आधी लिहिलं होतं, ते खोडलेलं तुला दिसेलच. निदान या पत्रात तरी खोटं राहू नये. वाट बघतोय.

तुझा,
तुझ्यासमोर मान खाली घालून,
बाबा